एक कट्टा सोयाबीन आणि कामाची शिक्षा



आज मी बचतीवर बोलणार नाही, बँकेच्या कर्जावरही नाही. कोर्टातल्या एका नव्या शिक्षेवर बोलणार आहे. हे ऐकून काही जणींनी रेडिओ बारीक केला असेल. जरा थांबा. हा विषय आपल्या गटाच्या सतरंजीवर कसा आला, ते आधी सांगते.

नांदेड जिल्ह्यात लोह्याकडं आपला एक गट आहे. गावाचं नाव घेत नाही, बायांचंही नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. बारा जणींचा गट, सहा वर्षं झाली, एक हप्ता थकलेला नाही. 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पावसानं आपल्याकडं काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यातून आपल्या गटातल्या एका मावशीच्या हाती चार कट्टे सोयाबीन लागलं. चारच. ते खळ्यावर ताडपत्रीखाली झाकून ठेवलं, आणि एका रात्री त्यातला एक कट्टा गेला.

दोन दिवसांत कळलं कुणी नेला. गटातल्याच दुसऱ्या बाईचा मुलगा. वय एकोणीस, पोलीस भरतीची तयारी करणारा. कट्टा शेजारच्या गावात विकला आणि त्या पैशातून पळायचे बूट घेतले.

पुढच्या बैठकीत काय झालं असेल ते तुम्हीच समजा. आईनं मान खाली घालून सांगितलं, "कट्ट्याचे पैसे देते, पण पोराला जेलात घालू नका." एक जण मध्येच म्हणाली, "जेल कुठली आता? मोबाइलवर आलंय, चोरीला जेल न्हाई, झाडू मारला की सुटका." त्यावर जिचा कट्टा गेला होता ती मावशी उठूनच उभी राहिली. "मंग झाडू मारल्यानं माझा कट्टा भरून येतो का? अन् उद्या तुमच्या सगळ्यायच्या खळ्यावरून जाऊ द्या एकेक कट्टा, मारा म्हणावं झाडू."

सगळ्या जणी माझ्याकडं बघायला लागल्या. ताई काय सांगतात? ताईला काही माहीत नव्हतं. मी बी.ए. झालेली, पण कायद्याचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं. इतिवृत्तात 'सभा तहकूब' लिहिलं आणि घरी आले. मग तालुका विधी सेवा समितीच्या वकील मॅडमकडं दोनदा जाऊन बसले, कलमं वाचून घेतली, न समजलेलं परत विचारलं. जे समजलं ते आज सांगते.

1 जुलै 2024 पासून आपल्या देशात जुनी भारतीय दंड संहिता, म्हणजे आपल्या तोंडात बसलेली आयपीसी, जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुना कायदा 1860 चा. त्यात शिक्षा कोणत्या? फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती आणि दंड. नव्या संहितेच्या कलम 4 मध्ये या यादीच्या शेवटी एक शिक्षा वाढली, सामुदायिक सेवा. दुसरा जो फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम 23 मध्ये तिचा अर्थ दिलाय. कोर्टानं दोषी माणसाला शिक्षा म्हणून सांगितलेलं, समाजाच्या उपयोगाचं काम, आणि त्या कामाचा कसलाही मोबदला मिळणार नाही. व्याख्या एवढीच.

एक मावशी मला म्हणाल्या, "अगं, समाजसेवा तर आपण रोज करतो. ग्रामस्वच्छता अभियानात गाव झाडलं, शाळेच्या भिंती रंगवल्या, ती शिक्षा कशी काय?" त्यांचं बरोबर आहे. म्हणून मी या शिक्षेला समाजसेवा म्हणत नाही, 'कामाची शिक्षा' म्हणते. आपण गाव झाडतो ते आपल्या मनानं. इथं कोर्टाचा हुकूम असतो, आणि तो मोडला तर साधी कैद होऊ शकते, तीही कायद्यात लिहून ठेवलेली आहे. त्यामुळं 'झाडू मारला की सुटका' हे मोबाइलवरचं बोलणं अर्धंच खरं.

आता ही शिक्षा कोणकोणत्या गुन्ह्याला? सगळ्या मिळून सहाच गुन्ह्यांना. त्यातले दोन आपल्या रोजच्या वाटेवर येत नाहीत. एक म्हणजे सरकारी नोकरानं कायद्यानं मनाई असताना धंदा करणं, आणि दुसरा फरारी म्हणून जाहीर झाल्यावरही कोर्टात हजर न होणं. तिसरा बदनामीचा. व्हॉट्सअॅपवर कुणाच्या चारित्र्यावर खोटंनाटं लिहिणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. तिथं दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, नाही तर कामाची शिक्षा.

चौथा गुन्हा मराठवाड्यात नीट समजून घ्यायला हवा. अधिकाऱ्याला एखादं काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्याचं काम अडवण्यासाठी जीव देण्याचा प्रयत्न करणं, कलम 226. पाण्याच्या टाकीवर चढणं, कचेरीपुढं अंगावर रॉकेल ओतून घेणं, हे आपण पाहतो. त्याला वर्षभरापर्यंत साधी कैद, दंड, किंवा कामाची शिक्षा. पण कर्जानं, नापिकीनं, घरच्या जाचानं खचून कुणी जीव द्यायला निघाली आणि वाचली, तर तो गुन्हा नव्या संहितेत ठेवलेलाच नाही. जुन्या आयपीसीत 309 कलम होतं, ते गेलं. तेव्हा पोलिसांच्या भीतीनं अशा बाईला दवाखान्यात न्यायला कुणी उशीर करू नये. हे मी विषय सोडून सांगतेय, पण सांगायलाच हवं होतं.

राहिले दोन. चोरी आणि दारू. आपल्या गटांच्या दारात येणारे हे दोनच.

आधी चोरी. कलम 303. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ती आजही आहे. पण त्याच कलमात पुढं म्हटलंय की चोरीला गेलेल्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल, आणि त्यानं माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर त्याला कामाची शिक्षा द्यायची. तीन अटी आहेत आणि तिन्ही लागतात. पहिल्यांदा, पाच हजारांच्या आत, आणि परतफेड. मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. कट्टा झाडूनं भरून येत नाही, कट्टा आधी भरून द्यावा लागतो, मग झाडू.

पण 'चोरी' म्हणजे सगळ्याच चोऱ्या नव्हेत. घरात शिरून केलेली चोरी, माल साठवायच्या खोलीतून, गोदामातून केलेली चोरी, हे कलम 305 मध्ये जातं. तिथं सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि कामाच्या शिक्षेचा विषयच नाही, मग माल पाचशेचा का असेना. गळ्यातलं हिसकावून नेणं तेही वेगळं, कलम 304. म्हणजे तोच कट्टा मावशीच्या घरातून गेला असता तर कायदा वेगळा लागला असता. उघड्या खळ्यावरून गेला म्हणून हा.

किंमतीचंही बघा. 2024-25 साली सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता, 2025-26 ला 5328 झाला. समजा किंमत हमीभावानं धरली, तर एक क्विंटल सोयाबीन चोरणारा 2024-25 ला पाच हजारांच्या आत बसला असता आणि 2025-26 ला बाहेर गेला असता. अर्थात बाजारात ओल्या मालाला हमीभाव कुठं मिळतोय म्हणा. मावशीचा कट्टा साठ किलोचा, काही केलं तरी पाच हजारांच्या आतच.

आता या कायद्याची मला न पटलेली बाजू सांगते. पाच हजारांच्या आतली ही चोरी कायद्यानं अदखलपात्र केली आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात गेलात तर एनसी लिहून घेतात, हातात कागद देतात, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत, वॉरंटशिवाय पकडत नाहीत. मावशीला तसाच कागद मिळाला. आता विचार करा, पाच हजारांच्या आतल्या चोऱ्या होतात कुणाच्या? ज्याचा ट्रॅक्टर गेला त्याचा तपास होणार. आपल्या घरचं काय जातं? कोंबड्या जातात, मोटारीची केबल जाते, पत्रे जातात, एक कट्टा जातो. आपली चोरी कायम पाच हजारांच्या आतलीच असते. पहिल्यांदा चुकलेल्या पोराला जेलात न घालणं मला पटतं, पण त्यासाठी गरिबाच्या चोरीचा तपासच ढिला करायची गरज होती का, हे मी वकील मॅडमलाही विचारलं. त्या हसल्या फक्त.

तरी एनसी म्हणजे रद्दी नव्हे. पोलिसांनी अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला मॅजिस्ट्रेटकडं पाठवायचा असतो, असं नव्या कायद्याच्या कलम 174 मध्ये आहे. आणि तो कागद घेऊन तुम्ही स्वतः मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करू शकता, मॅजिस्ट्रेट तपासाचा आदेश देऊ शकतात. वकिलाला पैसे नाहीत असं म्हणू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. नांदेड, लातूरच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. फोन करायचा तर 15100.

आता दारू. सार्वजनिक जागी दारू पिऊन येऊन लोकांना त्रास देणं, कलम 355. चोवीस तासांपर्यंत साधी कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा कामाची शिक्षा. आपला दारूबंदीचा राज्याचा कायदा याहून वेगळा, तो तसाच आहे.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. मी गटांच्या वह्या तपासते. अंतर्गत कर्जाचं कारण लिहायचा रकाना असतो, त्यात 'दवाखाना', 'शाळा', 'बी-बियाणं' असं असतं. एका गटात एका बाईनं दोनदा दवाखान्यासाठी कर्ज घेतलं होतं. मी सहज विचारलं, "कोण आजारी आहे, आक्का?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मालकाचा दंड भरला ताई, पिऊन चौकात पडले व्हते." दारू त्यानं प्यायली, दंड तिनं भरला, व्याज तिच्यावर, आणि आपल्या वहीत त्याला आपण दवाखाना म्हणतो. मी ते खोडून दुरुस्त केलं नाही. काय लिहिणार होते?

2025-26 साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी 312 रुपये होती. हजाराचा दंड म्हणजे तीन दिवसांहून जास्त काम, आणि ते काम कुणाचं, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून मला दारूच्या बाबतीत ही शिक्षा दंडापेक्षा बरी वाटते. दंड बायको भरू शकते. कामाची शिक्षा ज्याची त्यालाच भोगावी लागते. सरकारी दवाखान्याचं आवार झाडायचं तर तिथं त्यालाच उभं राहावं लागेल. हजेरी त्याचीच लागेल. गटातून कर्ज काढून त्यातून सुटता येणार नाही. फक्त आपण एक करायचं, 'त्यांचं अंग दुखतंय, मीच जाते झाडायला' असं म्हणून त्याच्या जागी जायचं नाही. तुम्ही हसताय, पण रोजगार हमीच्या कामावर नवऱ्याच्या नावाची माती उचलणाऱ्या बाया मी पाहिल्यात.

आणि एक गोष्ट अगदी ठळक करून ठेवा. नवऱ्यानं पिऊन बायकोला मारलं, तर ते कलम 355 नव्हे. मारहाण वेगळी, नवऱ्याचा आणि सासरचा छळ वेगळा, तो जुना 498 अ, आता कलम 85. बाईची छेड काढणं, पाठलाग करणं, हात धरणं वेगळं. यातल्या एकालाही ही कामाची शिक्षा लागू नाही. ठाण्यात कुणी म्हणालं की 'जाऊ द्या बाई, दारूच्या कलमात घालू, दोन दिवस झाडायला लावू', तर ऐकू नका. मारलंय, तर मारल्याची तक्रार लिहून घ्यायला लावा.

हे मी एवढ्या जोरानं का सांगतेय? कारण काम करायला लावून बाईवरचा गुन्हा मिटवायचे प्रकार या देशात झालेले आहेत, आणि तेही कोर्टातून. बिहारात मधुबनी जिल्ह्यात झंझारपूरला 2021 च्या सप्टेंबरमध्ये बाईची छेड काढल्याच्या आरोपात एकाला जामीन देताना कोर्टानं अट घातली. गावातल्या सगळ्या बायांचे, म्हणजे सुमारे दोन हजार बायांचे कपडे सहा महिने फुकट धुऊन इस्त्री करून द्यायचे. पेपरांनी कौतुकानं छापलं. पण जिची छेड काढली तिनंही आपले कपडे त्याच्याच हातात द्यायचे का? तो दर आठवड्याला तिच्या दारात येणार का? हे कुणी विचारलं नव्हतं. पुढं उच्च न्यायालयानं त्या न्यायाधीशांना न्यायदानाच्या कामापासून दूर ठेवलं. त्याच्या आधी 2020 मध्ये मध्य प्रदेशात असंच झालं होतं, आरोपीनं त्या बाईच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यावी अशी अट. सर्वोच्च न्यायालयानं 18 मार्च 2021 ला ती रद्द केली आणि बाईला आरोपीसमोर आणणाऱ्या अशा अटी घालू नका म्हणून खालच्या कोर्टांना बजावलं.

आपल्याच राज्यातलं तर तुम्हाला पाठ असेल. 19 मे 2024, पुण्यात कल्याणीनगर. सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेल्या महागड्या गाडीनं दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि काही तासांत बाल न्याय मंडळानं त्याला जामीन दिला. अट काय, तर अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करायचं. आपल्या बैठकीतसुद्धा बाया म्हणाल्या होत्या, "आमच्या लेकरानं सायकलीनं कोंबडी मारली तरी ह्याहून जास्त ऐकावं लागतं." लोक इतके चिडले की मंडळानं आदेश बदलला आणि मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं.

पण नीट बघा, ती शिक्षा नव्हती. खटला चाललाच नव्हता, तो जामीन होता. जामीन म्हणजे निकाल लागेपर्यंत बाहेर राहायची परवानगी. नव्या संहितेतली कामाची शिक्षा ही गुन्हा शाबीत झाल्यावरची. जामिनाच्या अटीत काम सांगितल्याचं चांगलं उदाहरणही आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एका सुशिक्षित तरुणाला जामीन देताना सांगितलं की तीन महिने दर शनिवारी-रविवारी तीन तास वरळीच्या सिग्नलवर 'दारू पिऊन गाडी चालवू नका' असा फलक धरून उभं राहायचं. तिथं कुणाचा जीव गेला नव्हता. जिथं दोन जीव गेलेत तिथं निबंध, आणि जिथं गाडी नाक्यावर अडकली तिथं फलक, यातला फरक कळायला वकील व्हायला लागत नाही. अठराच्या आतल्या मुलांसाठी 2015 चा बाल न्याय कायदा वेगळा आहे, त्यातही देखरेखीखालची सामुदायिक सेवा आहे, पण ती लहान चुकांसाठी नीट वापरायची गोष्ट.

ही कल्पना तशी आपल्याकडं उशिरा आली. इंग्लंडात 1970 मध्ये बार्बरा वूटन नावाच्या बाईंच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ती सुचवली, 1972 ला कायदा झाला आणि 1973 पासून आधी सहा भागांत करून पाहिली. तिथं सुरुवातीला चाळीस ते दोनशे चाळीस तास काम सांगता येत होतं. माणूस आठवडाभर कामाला जातो, घर चालवतो, आणि सुट्टीच्या दिवशी शिक्षेचे तास भरतो. आपल्याकडंही 1978 साली ही शिक्षा आणणारं विधेयक आलं, राज्यसभेनं मंजूरही केलं, पण 1979 ला लोकसभाच विसर्जित झाली आणि ते बारगळलं. पुढं पंचेचाळीस वर्षं गेली. तोवर आपल्या जेलांचं काय झालं? 2022 च्या अखेरीस देशाच्या जेलांत 5,73,220 माणसं होती आणि त्यातले शंभरातले पंचाहत्तरहून जास्त कच्चे कैदी, म्हणजे निकालच न लागलेले. छोट्या चोरीत आत गेलेलं पोरगं तिथं कुणाच्या संगतीत राहतं आणि काय शिकून येतं, हे सांगायला नको.

इंग्लंडातले तास मी मुद्दाम सांगितले, कारण आपल्या मूळ कायद्यात ते नाहीत. किती तास, कोणतं काम, देखरेख कुणाची, गैरहजर राहिला तर कुणी कळवायचं, यातलं काहीच त्या कलमात नाही. हरयाणा राज्यानं 2025 मध्ये यावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. कायदा मोघम असला की न्यायाधीश चांगले असतील तिथं चांगलं होतं, नसतील तिथं झंझारपूर होतं.

आता माझी खरी भीती. झाडू. कामाची शिक्षा म्हटलं की सगळ्यांना झाडूच का आठवतो? मोबाइलवर झाडू, बैठकीत झाडू, आणि मीसुद्धा मघापासून झाडूच म्हणतेय. आपल्या गावात रोज झाडू कुणाच्या हातात असतो, हे तुम्हाला माहीत आहे. गाडगेबाबांनी हातात झाडू घेतला तेव्हा ते मोठेपण होतं, आणि ग्रामपंचायतीच्या सफाई कामगारानं तोच झाडू तीस वर्षं मारला तर त्याला कुणी नमस्कार करत नाही. उद्या चोराला आणि दारुड्याला शिक्षा म्हणून तेच काम दिलं, तर त्या कामगाराच्या लेकराला शाळेत काय ऐकावं लागेल? 'तुझा बाप रोज शिक्षा भोगतो' असंच ना? आणि झंझारपूरचा तो आरोपी व्यवसायानं धोबी होता, हे लक्षात घ्या. त्याला शिक्षा काय, तर धुणं. ज्याच्या त्याच्या जातीला चिकटलेलं काम त्याला शिक्षा म्हणून द्यायचं, ही न्यायाची कुठली रीत? आपल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी निजामाच्या काळातली वेठबिगारी ऐकलेली आहे. फुकट काम आणि तेही ठरावीक घरांनाच. नाव नवं आणि गोष्ट तीच, असं होता कामा नये.

म्हणून दुसरंही पक्कं समजून घ्या. ही शिक्षा देण्याचा अधिकार फक्त कोर्टाला आहे. गावकीला नाही, तंटामुक्ती समितीला नाही, जातपंचायतीला तर नाहीच नाही. तंटामुक्त गाव मोहीम 2007 पासून आहे, ती समजूत घालून भांडण मिटवण्यासाठी. शिक्षा द्यायला नव्हे. पारावर बसून कुणी म्हणालं 'याला महिनाभर देवळापुढं झाडायला लावा, नाही तर याचं हुक्कापाणी बंद', तर तो म्हणणाराच गुन्हेगार ठरू शकतो. 2016 चा सामाजिक बहिष्कार बंदीचा कायदा आपल्या महाराष्ट्रात आहे. आणि आपण बायासुद्धा कधी कधी उत्साहात असं करतो बरं का. दारुड्याला पकडून चपलांचा हार घालणं, गाढवावर बसवणं. राग मला समजतो. पण ते करू नका, उलटी तक्रार आपल्यावर येते.

आता त्या आईकडं येते, जिचा मुलगा भरतीची तयारी करतोय. 'जेल नाही' ऐकून तिचा जीव भांड्यात पडला होता. पण वकील मॅडमनं जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. कामाची शिक्षा झाली तरी ती शिक्षाच. माणूस दोषी ठरला, हे नोंदीत राहतं. पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी असते, तिथं ते निघतं. मग दुसरी वाट? दोन आहेत. साध्या चोरीत मालाच्या मालकाला कोर्टापुढं तडजोड करता येते, तसं झालं तर शिक्षेपर्यंत गोष्ट जातच नाही. पण ती मालकाची मर्जी. जबरदस्तीनं किंवा गटाच्या दबावानं तिच्याकडून ती घ्यायची नाही, हे मी दोघींसमोर सांगितलं. दुसरी वाट 1958 च्या परिवीक्षा कायद्याची. पहिल्यांदा चुकलेल्याला समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर कोर्ट सोडू शकतं, परिवीक्षा अधिकारी त्याच्यावर लक्ष ठेवतो, आणि दोषी ठरल्यामुळं कायद्यानं जी अपात्रता येते ती अशा माणसाला लागत नाही. वकिलानं हे कोर्टापुढं मागावं लागतं. न मागता आपोआप मिळेल या भरवशावर राहू नका.

मावशीनं मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "त्याला माझ्याच रानात महिनाभर राबायला लावलं तर जमतं का कोर्टाला? हरभऱ्याची खुरपणी आलीये." मी म्हटलं, "नाही मावशी, काम समाजाच्या उपयोगाचं लागतं, कुणा एकाच्या रानातलं नाही." त्यांना ते फारसं पटलं नाही. म्हणाल्या, "कट्टा समाजाचा गेला का माझा गेला?"

मला याचं उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही.

बाई दोषी ठरली तर काय, हेही एकीनं विचारलं होतं. पाच हजारांच्या आतली चोरी करायची वेळ बाईवरही येते. तिला कामाची शिक्षा झाली तर घरचं, लेकरांचं, मजुरीचं सांभाळून ती तास भरणार. तेव्हा वकिलामार्फत जागा जवळची आणि वेळ सोयीची मागून घ्यावी, आणि आपल्या परिस्थितीचा कागद जोडावा. कायद्यात तशी तरतूद लिहिलेली नाही, पण मागायला कुणी अडवत नाही. ग्रामसंघानंही एक करता येईल. आपल्या गावात शिक्षेचं कोणतं काम होऊ शकतं याचा विचार करून ठेवावा, आणि कधी विचारणा झाली तर सांगावं. आमच्या प्रभागाच्या बैठकीत बायांनी नावं काढली ती ऐकण्यासारखी होती. आरोग्य उपकेंद्राचं छत दुरुस्त करणं, शाळेच्या बोअरचं पाणी टाकीत चढवणं, पुरानं वाहून गेलेला ओढ्याचा बांध, रोपांना उन्हाळ्यात पाणी. अंगणवाडीचं नाव एकीनं काढलं, तर अंगणवाडी सेविका लगेच म्हणाल्या, "दारुड्याला माझ्या लेकरांजवळ आणायचं नाही." झाडूचं नाव त्या यादीत नव्हतं. मी काही सुचवलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच.

परवाच्या बैठकीला दोघीही आल्या होत्या. कट्ट्याचे पैसे मुलाच्या आईनं मावशीला देऊ केलेत, मावशीनं अजून हातात घेतलेले नाहीत. मुलानं बूट दुकानदाराला परत करायचा प्रयत्न केला, वापरलेले म्हणून त्यानं घेतले नाहीत. मावशीनं मॅजिस्ट्रेटकडं अर्ज दिलाय, त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. आपल्या गटात दोन बैठका चुकल्या की दहा-दहा रुपये दंड असतो, तो आईनं न मागता वहीशेजारी ठेवला आणि थकलेली बचतही भरली. मावशी सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. वही त्यांच्याकडं असते, कारण त्या गटाच्या सचिव आहेत. त्यांनी पैसे मोजले, पावती फाडली, आणि त्यांच्यापुढं सरकवली.